कूलंट गळतंय, एस्टिमेट सव्वा लाखाचं. घरी काय काय करता येईल?

मुलुंडचा_निनाद

नमस्कार मंडळी,

गाडी जर्मन सेदान, टर्बो पेट्रोल, २०१६ ची, ७८ हजार किलोमीटर झालेली. वॉरंटी कधीच संपली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "ही घ्यायचीच नसते हो" या दिशेने वाहवत जातो आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

गेल्या महिन्यात डॅशबोर्डवर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी असल्याचा इशारा आला. सकाळी गाडी थंड असताना टाकी बघितली, तर पातळी मिनिममच्या खाली. भरलं. काही दिवसांनी पुन्हा इशारा. गाडीखाली पुढे डावीकडे पंजाएवढा ओला डाग पडतो, पण रोज नाही. टेम्परेचर अजून एकदाही चढलेलं नाही.

एका वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी बोनेट उघडलं, टॉर्च मारला आणि एस्टिमेट हातात ठेवलं: वॉटर पंप, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंट सोडणारी झडप), वरचा-खालचा होज (रबरी नळ्या), टाकी, "आणि वय झालंय तर रेडिएटरही करून घ्या". मजुरी धरून सव्वा लाखाच्या वर. गळती नेमकी कुठून आहे, असं विचारलं तर उत्तर, "सर, पूर्ण सिस्टीमच नवी करू, नंतर कटकट नको."

माझ्याकडे सॉकेट सेट, टॉर्क्स बिट, ट्रॉली जॅक आणि उचललेली गाडी टेकवायच्या दोन घोड्या आहेत. आधीच्या गाडीचे ब्रेक पॅड, फिल्टर वगैरे मीच बदलायचो. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

जुना_फियाटवाला

आम्ही पद्मिनी चालवायचो तेव्हा डिकीत पाण्याचा कॅन कायम. खोपोलीला थांबायचं, बोनेट उघडायचं, चहा प्यायचा, रेडिएटरला पाणी पाजायचं आणि घाट चढायचा. एस्टिमेट वगैरे काही नाही. पाणी टाकत राहा, गळून गळून किती गळेल?

चक्रधर

काका, तुमच्या पद्मिनीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा होता. भोक पडलं तर रस्त्याकडेचा कारागीर झाळून, म्हणजे डाग लावून द्यायचा आणि तो पुढची पाच वर्षं टिकायचा. आताच्या रेडिएटरचं पोट अ‍ॅल्युमिनियमचं, दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, आणि त्या पत्र्याच्या दातांनी दाबून बसवलेल्या. डाग लावायला जागाच नाही. शिवाय इंजिन पातळ, टर्बो लालभडक. इथे पाणी संपलं तर चहा होईपर्यंत इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) वाकतं.

निनाद, टेम्परेचर चढलेलं नाही हे चांगलं, पण काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. खरं तापमान १०-२० अंशांनी हललं तरी तो जागचा हलत नाही. काही गाड्यांत तर काटाच नसतो. ओबीडीचं (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं) छोटं ब्लूटूथ यंत्र लावा आणि मोबाइलवर खरा आकडा बघा.

आता मुद्द्याचं. गळती सापडेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका. वर्कशॉपवाले फसवतच असतील असं नाही. त्यांना परत आलेली गाडी नको असते, म्हणून ते सगळंच बदलतात. तुम्हाला मात्र एकच जागा शोधायची आहे, आणि ते काम घरी शंभर टक्के होतं. दुरुस्ती घरी करायची की नाही, हे जागा सापडल्यावर ठरवा.

आधी एवढं सांगा: डाग रंगीत आहे की नुसतं पाणी? बोटाला चिकट लागतं का? केबिनमध्ये हीटर लावल्यावर गोडसर वास येतो का, किंवा पुढच्या पायपुसण्याखालचं कार्पेट ओलं आहे का? मुंबईत एसी बारा महिने चालतो, आणि एसीचं निथळलेलं पाणी बघून लोक घाबरून गाडी टो करून नेतात. ते पाणी स्वच्छ असतं, वास नसतो, आणि बहुधा मधोमध किंवा पॅसेंजरच्या पायांखाली पडतं. कार्पेट ओलं आणि काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल तर हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) गेला. मग हा धागा इथेच थांबवा, कारण त्यासाठी बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

मुलुंडचा_निनाद

चक्रधर, डाग निळसर आहे, बोटाला बुळबुळीत लागतो. कार्पेट कोरडं. केबिनमध्ये वास नाही, पण गाडी लावून बोनेटजवळ उभं राहिलं की काहीतरी गोड शिजतंय असं वाटतं.

सेक्रेटरी_त्रस्त

विषयाला धरून नाही, पण लिहितोच. आमच्या सोसायटीत एका सदस्याने पार्किंगमध्ये कूलंट काढलं आणि ते पेव्हर ब्लॉकवरून वाहत पंपरूमपर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी मांजराचं पिल्लू मेलेलं सापडलं. कशाने ते सिद्ध झालं नाही, पण सभेत दोन तास त्यावरच गेले. आता पार्किंगमध्ये गाडी धुण्यापलीकडे काही करायला बंदी आहे. निनाद, काम सुरू करण्याआधी तुमच्या कमिटीला विचारा.

चक्रधर

सेक्रेटरीसाहेब, हे अवांतर नाहीच. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी करतं. मांजराला चमचाभरसुद्धा पुरतं. त्यामुळे खाली पसरट ट्रे हवाच. सांडलंच तर आधी भुसा किंवा माती टाकून शोषून घ्या, मग भरपूर पाण्याने धुवा. काढलेलं कूलंट गटारात अजिबात नको. कॅनमध्ये भरून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या वर्कशॉपला द्या. लहान मुलं असतील तर पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच ठेवू नका.

बोनेट_उघडा

+१. आणि उंदीर! आमच्या पार्ल्याच्या बिल्डिंगमध्ये उंदरांनी होज कुरतडला होता. पावसाळ्यात ते इंजिनच्या उबेला येऊन बसतात. गळती शोधताना दातांच्या खुणा आधी बघा, पुढची मेहनत वाचेल.

चक्रधर

हो, तेही बघा. आता शोधायचं कसं ते सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, गाडी रात्रभर उभी राहिलेली हवी. गरम इंजिनावर टाकीचं झाकण उघडायचं नाही. हा कुकरच आहे. १ बार जास्त दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि तुम्ही झाकण फिरवलंत की त्याच क्षणी सगळं उसळून तोंडावर येतं. तुमच्या झाकणावर १४० किंवा २०० असा आकडा असेल. म्हणजे १.४ किंवा २ बार. गरम झाल्यावर यंत्रणा त्या मर्यादेपर्यंतच्या दाबाखाली चालते, म्हणून थंड गाडीत गळती दिसत नाही आणि रोज डागही पडत नाही.

यावर उपाय म्हणजे प्रेशर टेस्टर. हातपंप, दाबमापक आणि टाकीच्या तोंडावर बसणारी वेगवेगळ्या आट्यांची झाकणं असा डबा येतो. ऑनलाइन मिळतो, नागदेवीलाही मिळेल. पण जर्मन आट्यांचं झाकण त्या डब्यात आहे ना, हे बघूनच घ्या. थंड गाडीवर, झाकणाच्या आकड्यापेक्षा थोडं कमीच, म्हणजे १.४ वाल्याला १.२ पर्यंत दाब द्या आणि सोडून द्या. पंधरा-वीस मिनिटांत काटा हलला नाही तर बाहेर गळती नाही. हलला तर कुठेतरी थेंब येतोच, आणि इंजिन बंद असल्यामुळे पंख्याचा वारा तो उडवून नेत नाही. खालचं प्लॅस्टिकचं आवरण मात्र काढायला लागेल. गळती एका टोकाला होते, पाणी त्या आवरणावरून वाहत दुसऱ्याच कोपऱ्यात टपकतं. तुमचा डावीकडचा डाग त्यामुळे काहीही सांगत नाही.

त्याने नाही सापडलं तर कूलंटमध्ये यूव्ही रंग टाका, दोन दिवस चालवा आणि रात्री जांभळ्या टॉर्चने बघा. पिवळंहिरवं चमकेल.

गाडी उचलायची तर घोड्यांवर. नुसत्या जॅकखाली डोकं घालू नका. पेव्हर ब्लॉक दबतात, तेव्हा घोडीखाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवा. आणि चावी खिशात. इंजिन बंद केल्यावरही पंखा किंवा इलेक्ट्रिक पंप आपोआप सुरू होतो, आणि पंख्याला बोट कुणाचं ते कळत नाही.

जुना_फियाटवाला

टेस्टर येईपर्यंत एक फुकटचा उपाय. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरा आणि चाकं कुठे आहेत त्याच्या खुणा त्यावर करा. सकाळी ओला ठिपका कुठे ते मोजून दिसतं. पाणी पाजायचो म्हणजे आम्ही अगदीच अडाणी नव्हतो.

ठाण्याची_मंजिरी

माझा प्रश्न भाबडा वाटेल. मुंबईत बर्फ पडत नाही, मग अँटिफ्रीझ (गोठू न देणारं कूलंट) घालायचंच कशाला? आणि बाजारात हिरवं, निळं, गुलाबी, जांभळं दिसतं, त्यातलं कुठलं?

रबरवाली_बाई

मंजिरी, भाबडा नाही, याच प्रश्नावर गॅरेजांमध्ये सर्वात जास्त गोंधळ होतो. मी रबराच्या सीलच्या धंद्यात आहे, त्यामुळे हे बिघडलेले नमुने रोज टेबलावर येतात.

५०-५० मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, हा गुण आपल्याला मनालीला गेलो तरच उपयोगी. आपल्याला हवे असतात त्यातले गंजरोधक. नुसत्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं, पांढरा साका धरतो, पंपाचं सील खरवडतं. शिवाय ग्लायकॉलमुळे उकळबिंदूही वर सरकतो.

रंगाला प्रमाण नाही. रंग कंपनी आपल्या मर्जीने टाकते. बघायचा तो मागच्या बाजूचा मंजुरी क्रमांक. युरोपातल्या गाड्यांना फॉस्फेट नसलेलं लागतं, कारण तिकडचं पाणी जड, त्यात फॉस्फेटची खपली होते. जपानी गाड्यांचं उलट: त्यांना फॉस्फेट चालतं, सिलिकेट नको असतं. म्हणून "सगळ्या गाड्यांना चालेल" असं लिहिलेला कॅन बघितला की मी पुढे जाते. जुन्या बीएमडब्ल्यूंना निळं जी४८ प्रकारातलं, मर्सिडीझला पुस्तिकेत ३२५ ने सुरू होणारा क्रमांक, फोक्सवॅगन-ऑडीला जी१२ किंवा जी१३ च्या घराण्यातलं. नेमकं कुठलं ते गाडीची पुस्तिका सांगेल. दोन जातींची भेसळ झाली तर काही वेळा तपकिरी चिखल होतो, आणि तो आधी हीटर कोअरमध्ये जाऊन बसतो.

पाणी डिस्टिल्डच. बॅटरीत घालतात ते. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. आपल्या नळाचं पाणी तलावांचं, तसं मऊ, पण किती सोसायट्यांत टँकरचं आणि बोअरचं मिसळतात ते तुम्हीच बघा. रस्त्यात अडचण आलीच तर बिसलरी ओता, घरी पोचा आणि नंतर सगळं बदला.

मुलुंडचा_निनाद

सापडली!

कमिटीने रविवारी दुपारी दोन तासांची परवानगी दिली, अट एकच: खाली ताडपत्री. पुढची चाकं उचलून घोड्या लावल्या, आवरणाचे सगळे स्क्रू काढले. ते उतरताच त्यात साचलेलं अर्धा कप निळं पाणी माझ्या बाहीत.

टेस्टर लावून १.२ पर्यंत नेला. काटा हळूहळू १.० वर आला, आणि मला काहीच दिसेना. पंप कोरडा, रेडिएटर कोरडा, खालचा होज कोरडा. मुलाच्या हातात टॉर्च दिला आणि वरून बघायला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, इथे मीठ लागलंय." वरचा होज थर्मोस्टॅटच्या नळकांड्यावर जिथे क्लिपने बसतो, तिथे खालच्या अंगाला पांढरी-निळी खपली. पुसून परत दाब दिला. मग थेंब दिसला: आधी क्लिपच्या तारेखाली नुसती ओल, मग ओलीचा मणी झाला, तो होजच्या पोटावरून सरकत मागे गेला आणि पुढच्या फ्रेमवर उतरला. तिथून आवरणाच्या डाव्या कोपऱ्यात. डाग त्यामुळे डावीकडे.

सव्वा लाखाच्या यादीत हा होज होता, हे खरं. बाकी पाच गोष्टीही होत्या.

चक्रधर

अभिनंदन. मुलाला आइस्क्रीम.

आता पार्ट. तुमच्या होजचं प्लॅस्टिकचं टोक रबरात साच्यातच बसवलेलं असणार, सुटं मिळत नाही, म्हणजे अख्खा होज घ्यायचा. चॅसी नंबरवरून नेमका पार्ट नंबर काढा. एकाच मॉडेलमध्ये इंजिनानुसार दोन-तीन वेगळे होज असतात. मग ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे तो नंबर घेऊन जा. "जर्मन पेट्रोलचा वरचा पाइप द्या" असं म्हणालात तर तोही काहीतरी देईलच. कुर्ल्याला सीएसटी रोडला भंगारातून काढलेलाही मिळेल, स्वस्तात. दरवाजा, आरसा, सीट असेल तर जरूर तिथून घ्या. पण तापून-निवून आठ वर्षं काढलेलं प्लॅस्टिक परत तसंच आठ वर्षांचं घ्यायचं, यात मला शहाणपण दिसत नाही.

बोनेट_उघडा

किंवा टोकावर दोन पुड्यांची इपॉक्सी लावायची आणि मोकळं व्हायचं. ह.घ्या.

रबरवाली_बाई

हलकेच घेतलं, पण कुणीतरी खरंच करतं. ११० अंश, १.४ बार आणि सतत थरथर. इपॉक्सी नायलॉनला धरून राहत नाही, पापुद्रा सुटतो. आणि तो सुटणार वाशीच्या पुलावर, संध्याकाळी सात वाजता. गळती बुजवणारं जे औषध टाकीत ओततात तेही नको. ते भोक आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या यांत फरक करत नाही.

निनाद, जुना होज काढाल तेव्हा टोकातली ओ-रिंग टोकदार काडीने बाहेर काढा आणि आडवी कापून बघा. नवी असते तेव्हा काप गोल दिसतो. तुमची बहुधा एका बाजूने सपाट झालेली असेल. तिची दाबून परत फुगायची ताकद गेलेली असते, आणि गाडी थंड झाली की प्लॅस्टिक आकसतं तेव्हा तिथे फट राहते. म्हणून अशा गळत्या थंडीत, पहाटे सुरू होतात.

बसवताना ग्रीस किंवा व्हॅसलीन लावू नका. हे रबर ईपीडीएम असतं, पेट्रोलियमने ते फुगतं आणि मऊ पडतं. थोडं कूलंटच चोळा, नाहीतर सिलिकॉन ग्रीस.

एका बाबतीत मात्र चक्रधरांशी माझं जमत नाही. फक्त गळतं तेवढंच बदला, हे पटत नाही. हे सगळं काचतंतू घातलेलं नायलॉन एकाच वयाचं आहे, एकाच उष्णतेत शिजलेलं. थर्मोस्टॅटचं नळकांडं नखाने टोकरून बघा. भुरा पडत असेल तर आता कूलंट काढताय तेव्हाच बदला.

चक्रधर

बाई, तुम्ही टेबलावर तुटलेलेच नमुने बघता, न तुटलेले तुमच्याकडे येत नाहीत. टोकरून बघायला माझी हरकत नाही. पण "वय झालंय, बदलूया" हे वर्कशॉपने म्हटलं तर लूट, आणि आपण म्हटलं तर दूरदृष्टी?

रबरवाली_बाई

वर्कशॉपने न बघता म्हटलं. मी बघून म्हणतेय. फरक तेवढाच, पण सव्वा लाखाचा.

मुलुंडचा_निनाद

भांडू नका, दोघांचं ऐकलं. होज बदलला. जुन्या टोकाची क्लिप स्क्रूड्रायव्हरने उचलली तर प्लॅस्टिकचा कान हातात चुरून आला. ओ-रिंग कापून बघितली, बाईंनी सांगितलं अगदी तशीच, एक बाजू सपाट. नळकांडं टोकरलं: गुळगुळीत, पण किंचित तपकिरी. थर्मोस्टॅट हौसिंग मागवून ठेवलंय, बसवलं नाही. टाकी पिवळी पडून शिवणीवर रेघ दिसत होती, ती बदलली. पंप, खालचा होज आणि रेडिएटर जागेवर. पार्ट, कूलंट आणि टेस्टर धरून वीस हजारांच्या आत.

आता हवा काढायचं सांगा. टाकी भरली, इंजिन सुरू केलं नाहीये.

चक्रधर

छान, तिथेच थांबा. हवेचा बुडबुडा हेडमध्ये अडकला तर सेन्सरला वाफ लागते, नाहीतर काहीच लागत नाही, आणि इंजिन तापतं तेव्हा टाकी भरलेली दिसत असते. सगळं व्यवस्थित बसवून लोक या शेवटच्या पायरीवर हेड घालवतात.

पद्धत गाडीनुसार वेगळी. बीएमडब्ल्यूच्या इलेक्ट्रिक पंपवाल्या इंजिनांत इंजिन सुरू करायचंच नसतं. बॅटरीला चार्जर, इग्निशन चालू, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर सर्वात कमी, आणि अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दहा सेकंद दाबून सोडायचा. पंप साधारण बारा मिनिटं स्वतःच फिरतो आणि हवा टाकीत सोडतो. मध्ये पातळी उतरली तर भरायचं. पट्ट्यावर चालणारा पंप असेल तर इंजिन चालवून, हीटर गरम ठेवून, हवेचा स्क्रू असेल तर तो सैल करून, बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत थांबायचं. ऑडी-फोक्सवॅगनच्या बऱ्याच इंजिनांना व्हॅक्यूमने भरणं सोपं पडतं. त्याचं यंत्र कॉम्प्रेसरवर चालतं, टायरवाल्याशी ओळख असेल तर काम होतं. टर्बोच्या हवेसाठी वेगळी छोटी टाकी असेल तर तीही बघा, काही गाड्यांत दोन स्वतंत्र चक्रं असतात.

नंतर पुन्हा प्रेशर टेस्ट, मगच आवरण लावा. पहिल्या फेऱ्या जवळच्याच: मुलुंड चेकनाक्यापर्यंत जा, परत या, थंड होऊ द्या, पातळी बघा. हीटर गरम हवा देतो ना, हे तपासा. थंड हवा आली तर बुडबुडा अजून आत आहे.

एक सूचना सगळ्यांसाठी. जुन्या बीएमडब्ल्यूंचं एन५२ इंजिन असेल तर पंप स्वतः बदलायच्या फंदात पडण्याआधी वाचा. त्याच्या ब्लॉकमध्ये मॅग्नेशियम आहे आणि बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचे, एकदाच वापरायचे. तिथे स्टीलचा बोल्ट घुसवला की काही वर्षांनी ब्लॉकमधले आटेच खाल्ले जातात. ठरलेल्या टॉर्कने, नव्या बोल्टनेच. ते जमणार नसेल तर गॅरेजला द्या, त्यात कमीपणा नाही.

मुलुंडचा_निनाद

हवा निघाली. ओबीडीवर ९८ ते १०६ च्या दरम्यान, हीटर कडक गरम. दाब वीस मिनिटं जागचा हलला नाही. पुढच्या आठवड्यात लोणावळा.

घोडबंदरची_मीनल

धागा पूर्ण वाचला, वाटलं माझंही असंच असेल. पण माझ्या डिझेल एसयूव्हीखाली एक थेंब पडत नाही, पुठ्ठाही अंथरून झाला. तरी टाकी महिन्याला अर्धा लिटर खाते. धूर थोडा पांढरा वाटतो, पण सकाळीच. प्रेशर टेस्टला दाब हळूहळू उतरतो आणि बाहेर सगळं कोरडं. ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखं काही नाही, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये मिसळलेलं दिसत नाही.

चक्रधर

मीनलताई, ही वेगळी भानगड आहे. पाणी बाहेर जात नाही म्हणजे आत जातंय. डिझेलमध्ये संशय दोघांवर: हेड गॅस्केट (हेडखालचं सील) आणि ईजीआर कूलर. हा कूलर इंजिनात परत फिरवलेल्या धुराची उष्णता कूलंटने शोषतो. त्याला आतून चीर गेली की कूलंट धुराच्या नळीत झिरपतं, सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं आणि खाली ठिपकाही पडत नाही. हे नुसतं पाणी जाण्यापुरतं राहत नाही. ग्लायकॉल आणि काजळीचा थर साचून पेटू शकतो. दक्षिण कोरियात अशा आगी लागल्यावर बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये तिथल्या आणि युरोपातल्या डिझेल गाड्या याच भागासाठी परत बोलावल्या होत्या. तुमच्या गाडीच्या चॅसी नंबरवर असं काही प्रलंबित आहे का, ते कुठल्याही कंपनीची गाडी असली तरी डीलरला विचारा. असेल तर काम फुकट होतं.

तोवर गॅस्केटची चाचणी करून घ्या. टाकीच्या तोंडावर निळं द्रव भरलेली नळी ठेवून इंजिन चालवतात. जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळा रंग बदलतो. रंग बदलला नाही, तर ईजीआर कूलर काढून त्याला दाब देऊन बघायचं. हे दुसरं काम पार्किंगमध्ये नको, जागा फार अडचणीची असते.

घोडबंदरची_मीनल

डीलरला फोन केला, चॅसी नंबर घेतलाय, उद्या सांगतो म्हणाले. निळ्या द्रवाची चाचणी जवळच्या गॅरेजमध्ये होते का, की तेही मागवायचं?

मुलुंडचा_निनाद

मीनलताई, ते किट मी टेस्टरबरोबरच घेतलं होतं, वापरलंच नाही. डिझेलसाठी द्रव वेगळं लागतं असं बाटलीवर लिहिलंय, तेवढं मागवा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शनिवारी ठाण्याला यायचंच आहे. गाडी आदल्या रात्रीपासून उभी ठेवा, नाहीतर झाकण उघडेपर्यंत आपण दोन तास नुसते गप्पा मारत बसू.

जुना_फियाटवाला

गप्पा मारायच्या असतील तर मलाही बोलवा. ठाण्यात घर आहे, चहा माझ्याकडे.